ओंडक्यांचे घर स्वतः बांधायला किती काळ लागतो?

सोललेले अखंड ओंडके एकावर एक आडवे रचायचे आणि कोपऱ्यांवर खाचा पाडून एकमेकांत बसवायचे, अशी जी भिंत उभी राहते तीच घराचा सांगाडा असते आणि तीच आच्छादन. उत्तर अमेरिकेत लॉग होम या नावाने ओळखले जाणारे हे घर स्वतःच्या हातांनी बांधण्याची हौस अमेरिका आणि कॅनडात आजही टिकून आहे. त्याला लागणारा काळ मात्र कोणी दहा आठवडे सांगतो, कोणी दहा वर्षे, आणि दोघेही खरे बोलत असू शकतात. मोजणी कुठून सुरू केली आणि कुठे थांबवली यावर ते ठरते. झाड पडले त्या दिवसापासून मोजायचे की पहिला ओंडका पायावर चढला तेव्हापासून? छप्पर झाले की थांबायचे, की नळाला पाणी आल्यावर? भिंती डोळ्यांत भरतात म्हणून बहुतेक जण भिंतींचाच काळ मोजतात. एकूण कामात भिंतींचा वाटा पाव हिश्श्याच्या आसपास असतो, हे पुढे हिशेबाने दिसेलच.

अलास्कातल्या ट्विन लेक्सच्या काठी रिचर्ड प्रोनेकी याने 1968 साली एकट्याने बांधलेली खोली हे या विषयातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. मेच्या उत्तरार्धात तो तिथे उतरला आणि जुलै संपताना नव्या खोलीत राहायला गेला, म्हणजे साधारण दहा आठवडे. त्याने स्वतः टिपलेल्या चित्रणावरून पुढे माहितीपट निघाला आणि हा आकडा जगभर पसरला. त्यामागचा तपशील मात्र सहसा सांगितला जात नाही. ओंडके आधीच्या उन्हाळ्यातच, 1967 मध्ये, तोडून तयार ठेवलेले होते. खोली आतून जेमतेम 11 बाय 15 फूट. वीज नाही, नळ नाही, संडास बाहेर. काम चालू असताना राहायला मित्राची खोली जवळच होती. परवान्याचा प्रश्न नव्हता, बँकेचा हप्ता नव्हता. स्वतः प्रोनेकी नौदलात सुतारकाम केलेला, पुढे यंत्रदुरुस्तीत मुरलेला, पन्नाशी ओलांडलेला आणि दिवसभर दुसरा कुठलाही उद्योग नसलेला माणूस होता. दगडी शेकोटीचे काम तर राहायला गेल्यानंतर झाले. इतके सगळे जुळून येऊनही दहा आठवडे लागले, असाच त्या हकिकतीचा अर्थ घेतलेला बरा.

जुन्या वसाहतींच्या गोष्टींतून येणारा वेगही असाच तपासून घ्यावा लागतो. ओंडक्यांची बांधणी अमेरिकेत आणली ती 1638 पासून डेलावेअर नदीच्या खोऱ्यात वसलेल्या स्वीडिश वसाहतकऱ्यांनी. त्यांच्यात जंगल जाळून शेती करणारे फिन्निश लोकही होते. पुढच्या दोन शतकांत पश्चिमेकडे सरकणाऱ्या वसाहतींनी ही बांधणी उचलली, कारण ती झटपट होत असे. ओंडके तोडून जागेवर आणून ठेवले की ठरल्या दिवशी आसपासची कुटुंबे गोळा होत आणि अंधार पडेपर्यंत चारी भिंती उभ्या राहत. साल तशीच, खाचा ओबडधोबड, फटींत ढलप्या आणि चिखल, पायाखाली मातीची जमीन. असली खोली कायमची म्हणून कोणी बांधतच नसे. हात जरा सैल झाला की नीट घर बांधले जाई आणि जुन्या खोलीचा गोठा किंवा कोठार होई. आजच्या लॉग होममध्ये तळघर, स्वयंपाकघर, दोन न्हाणीघरे आणि हिवाळ्यात घर गरम ठेवणारी यंत्रणा असते. त्याची तुलना त्या खोलीशी करणे व्यर्थ आहे.

रशियात याहून टोकाची उदाहरणे सापडतात. साथीच्या काळात नवस म्हणून एका दिवसात लाकडी चर्च उभारण्याची तिथे प्रथा होती. व्होलोग्दा शहरात 1654 च्या प्लेगमध्ये असे चर्च उभे राहिले. त्याच्या शंभर वर्षे आधी, 1551 मध्ये, इव्हान द टेरिबलने कझानवरच्या स्वारीसाठी स्वियाझ्स्कचा किल्ला उभारला तो तर आधी दुसऱ्याच ठिकाणी. व्होल्गाच्या वरच्या अंगाला उग्लिचच्या जंगलात लाकडे तासून, जुळवून, खुणा करून घेतली. मग ती सुटी करून नदीतून खाली सोडली आणि ठरल्या जागी सुमारे चार आठवड्यांत परत जोडली. सतराव्या शतकात मॉस्कोत तयार घरांचा बाजारच भरत असे, त्याचे वर्णन जर्मन प्रवासी अॅडम ओलेअरियस याने केले आहे. घर पसंत करावे, सुटे करून न्यावे आणि आपल्या जागेवर उभे करावे. वारंवार आगी लागणाऱ्या लाकडी शहराला ही सोय हवीच होती. आज कारखान्यातून क्रमांक घालून येणारे घर याच रीतीचे आहे.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातले शातो माँतबेलो हे हॉटेल 1930 साली चारेक महिन्यांत उभे राहिले. ब्रिटिश कोलंबियातून रेल्वेने आणलेले रेड सीडरचे सुमारे 10,000 ओंडके, साडेतीन हजारांच्या घरात कामगार आणि व्हिक्टर निमार्क या फिन्निश कारागिराची देखरेख, असा तो पसारा होता. माणसे वाढवली की भिंतींचा काळ घटतो, याचा यापेक्षा मोठा पुरावा मिळणार नाही. पण स्वतः घर बांधणाऱ्याकडे बहुधा दोनच माणसे असतात, आणि त्यांतले एक नोकरीवर गेलेले असते.

म्हणून हिशेबासाठी एक मध्यम घर धरावे: बाहेरून 30 बाय 40 फूट, एक मजला, वर छोटा पोटमाळा, सरासरी 12 इंच व्यासाचे पाइनचे ओंडके, जागा अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या उत्तर भागात.

पहिला ओंडका हलण्याआधीच काही महिने जातात. जमीन, रस्ता, विहीर किंवा नळजोडणी, सांडपाण्याची टाकी आणि परवाना हा क्रम जवळपास सगळीकडे सारखाच आहे. अलास्काच्या दुर्गम भागात किंवा काही ग्रामीण जिल्ह्यांत इमारतीला परवाना लागत नाही. इतर बहुतेक ठिकाणी लागतो, आणि नकाशा अभियंत्याकडून तपासून घ्यावा लागतो. ओंडक्यांच्या बांधकामासाठी अमेरिकेत स्वतंत्र मानक 2007 मध्ये आले. त्यामुळे स्थानिक निरीक्षकाशी होणारे वाद कमी झाले, कागद मात्र वाढले. कर्ज काढायचे असेल तर आणखी एक पेच येतो. बांधकामाचे कर्ज साधारण वर्षभराच्या मुदतीचे असते आणि स्वतः बांधणाऱ्या हौशी माणसाला ते द्यायला बँका नाखूश असतात. ज्यांची घरे चार-पाच वर्षे चालतात ते बहुतेक जण पगारातून वाचेल तसे पैसे घालणारे असतात, आणि काम लांबण्याचे ते एक मोठे, न सांगितले जाणारे कारण आहे.

मग लाकूड. झाडे थंडीत तोडावीत असा जुना दंडक आहे. तेव्हा लाकडाला कीड आणि बुरशी लागण्याचा धोका कमी असतो, आणि बर्फावरून ओंडके ओढून आणले तर त्यांना माती, खडे लागत नाहीत. वसंतात झाडात रस चढला की ताज्या तोडलेल्या ओंडक्याची साल हाताने ओढून निघते, पण त्याच दिवसांत लाकडावर बुरशीचे काळे-निळे डाग लवकर पडतात. साल काढून, जमिनीपासून उचलून, मध्ये पट्ट्या घालून ओंडके रचले की वाळायला सुरुवात होते. फळीसाठी इंचाला एक वर्ष असा ढोबळ अंदाज सांगतात. फूटभर जाडीचा अखंड ओंडका एका वर्षात फक्त बाहेरून वाळतो, गाभा ओलाच राहतो. तेव्हा पूर्ण वाळण्याची वाट पाहणे व्यवहारात शक्य नसते. वणव्यात किंवा किडीने उभ्या उभ्या मेलेली झाडे हा यावरचा चांगला उपाय. ब्रिटिश कोलंबियात पाइन भुंगेऱ्याच्या मोठ्या साथीने कोट्यवधी झाडे अशी जागच्या जागी वाळली, आणि तिथल्या ओंडकेबांधणीला बराच काळ ते लाकूड पुरले.

ओलाव्याला इतके महत्त्व का, हे मराठी वाचकाला आपल्या वाड्यांवरून चटकन कळेल. वाड्यातल्या किंवा कोकणातल्या घरातल्या लाकडाचा भार उभ्या खांबांवर असतो. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, हजारात एखादा भाग आटते, म्हणून खांबाची उंची आहे तेवढीच राहते. रुंदीत मात्र ते शेकडा चार ते आठ भाग आटते. ओंडक्यांच्या भिंतीत सगळे लाकूड आडवे असल्यामुळे भिंतीची उंची म्हणजे रुंदीत आटणाऱ्या लाकडांची चळत. ओल्या ओंडक्यांच्या भिंतीसाठी कारागीर फुटाला पाऊण इंच खाली बसण्याची सोय ठेवतात. नऊ फुटांच्या भिंतीला ही बैठक पावणेसात इंच होते. काश्मीरच्या गुरेझ खोऱ्यातल्या ओंडक्यांच्या घरांनाही लाकडाचा हाच नियम लागू आहे. रशियात घराचा सांगाडा हिवाळ्यात रचून कित्येक महिने तसाच उभा ठेवत, मग उतरवून थरांमध्ये शेवाळ घालून पुन्हा रचत. फिनलंडमध्येही खिडक्या-दारे बसवण्याआधी सांगाडा बसू देण्याची रीत होती. तिथे लाकडाच्या सोयीने चालण्यातच शहाणपण मानले जाई, आणि त्यासाठी गेलेले वर्ष कोणी वाया गेले असे म्हणत नसे.

पाया खणायचा तो हिवाळ्यात जमीन जिथवर गोठते त्या पातळीच्या खाली. मिनेसोटाच्या उत्तर भागात ही खोली पाच फूट धरतात. अलास्कात जमीन कायमची गोठलेली असेल तर घर खांबांवर उचलून धरावे लागते. काँक्रीट ठरलेल्या ताकदीला यायला 28 दिवस धरले जातात, पण भिंतीचे काम त्याआधीही सुरू करता येते. अडचण निराळीच असते. बर्फ वितळून जमीन निवळेपर्यंत मे उजाडतो आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा गोठण सुरू होते. पाया जूनऐवजी ऑगस्टमध्ये पडला तर त्या वर्षी छप्पर होत नाही. दोन महिन्यांचा उशीर मग पुरे एक वर्ष खातो. जोते मात्र उंच असावे. तळचा ओंडका जमिनीपासून निदान दीड फूट वर राहिला नाही तर पावसाचे शिंतोडे आणि साचलेला बर्फ त्याला कुजवतात, आणि तळचा कुजलेला ओंडका बदलणे हे या बांधणीतले सर्वांत जिकिरीचे काम आहे.

धरलेल्या घराला किती ओंडके लागतील? एकावर एक बसताना प्रत्येक थर साधारण दहा इंच उंची देतो, म्हणून नऊ फुटांना अकरा थर आणि चार भिंतींचे 44 ओंडके. आढे, छपराच्या आडव्या तुळया, माळ्याच्या तुळया आणि खांब मिळून आणखी सोळा. एकूण साठ. चाळीस फुटी ओला ओंडका सहाशे-सातशे किलोंचा असतो, म्हणजे उचलायला कप्पी, विंच, ट्रॅक्टर किंवा भाड्याची क्रेन यांपैकी काहीतरी हवेच. दोन मुठी धरून अंगाकडे ओढायच्या पात्याने एक ओंडका सोलायला तीनेक तास धरले तर साठ ओंडक्यांचे 180 तास, म्हणजे आठ तासांचे बावीस-तेवीस दिवस. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने साल काढता येते आणि निम्मा वेळ वाचतो, पण पात्याने सोललेल्या लाकडावर जी तासणीची नक्षी राहते ती मग मिळत नाही. अनेकांची उमेद याच टप्प्यावर पहिल्यांदा मोडते. हे काम कठीण म्हणून नव्हे, कंटाळवाणे म्हणून सुटते.

भिंतीचा वेग पद्धतीवर ठरतो, आणि खरा निर्णय इथेच घ्यायचा असतो.

सर्वांत हळू आणि सर्वांत देखणी ती स्कँडिनेव्हियातून आलेली, कॅनडात पुन्हा जोम धरलेली पद्धत. वरचा ओंडका तात्पुरता जागेवर ठेवायचा, पाणसळ लावलेल्या कर्कटकासारख्या साधनाने खालच्या ओंडक्याचा प्रत्येक उंचवटा आणि खळगा त्याच्यावर उतरवून घ्यायचा, मग तो उलटा करून पोटातून लांबच लांब खोबण कोरायची आणि कोपऱ्यांच्या खाचा पाडायच्या. नीट जमले तर दोन ओंडक्यांत कागदही सरकत नाही. बी. अॅलन मॅकी यांनी ब्रिटिश कोलंबियात शाळा काढून ही कला हौशी लोकांना शिकवली आणि त्यांचे पुस्तक वाचून कित्येकांनी पहिली कुऱ्हाड घेतली. मुरलेला कारागीर दिवसाला एक ओंडका बसवतो, कधी दोन. नवख्याचे पहिले चार-पाच ओंडके आठवडाभर खातात, मग हात बसतो. सरासरी बारा तास धरले तर 44 ओंडक्यांचे 528 तास होतात. नवख्याच्या बाबतीत हा अंदाज उदार आहे.

दुसरी पद्धत अमेरिकेच्या पूर्व भागातली. कोपऱ्यांवर खाचा पाडायच्या, पण लांबीभर खोबण कोरायची नाही. मधल्या फटी राहू द्यायच्या आणि त्यांत दर्जा भरायच्या. पूर्वी चुना आणि माती वापरत, आता रबरासारखा ताणणारा मसाला मिळतो. ओंडका बसवण्याचा वेळ जवळपास निम्मा होतो. वाचलेल्यापैकी बराचसा वेळ दर्जा भरण्यात जातो, कारण आतून-बाहेरून मिळून हजारभर फूट लांबीच्या फटी सहज भरतात. तरीही नवख्याच्या दृष्टीने हा सौदा चांगला आहे. दर्ज चुकली तर खरवडून पुन्हा भरता येते. चुकीची कोरलेली खोबण पुन्हा भरून येत नाही.

त्याहून सोपी रीत म्हणजे खाच पाडायचीच नाही. एका भिंतीचा ओंडका सरळ पुढे जातो, दुसरीचा त्याला टेकून थांबतो, पुढच्या थरात उलट. प्रत्येक थर पोलादी सळ्या ठोकून खालच्या थराला जखडायचा. ओले ओंडके वापरले तरी सळ्यांमुळे भिंत फारशी खाली बसत नाही, प्रत्येक ओंडका आपल्या जागी आटतो आणि फट दर्जा भरून झाकली जाते, असा या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे. कसबी कारागीर नाक मुरडतात. पण एकट्याने बांधणाऱ्यांत तिचा प्रसार मोठा आहे, आणि त्याचे कारण तिथे कौशल्यापेक्षा चिकाटीवर निभते हेच.

फ्रेंच कॅनडातून आलेली चौथी रीत हडसन्स बे या व्यापारी कंपनीने आपल्या ठाण्यांसाठी भरपूर वापरली. ठरावीक अंतरावर उभे खांब, त्यांना खोबणी आणि खोबणींत आखूड ओंडके. छपराचा भार उभ्या खांबांवर आल्यामुळे छप्पर खाली बसत नाही आणि ओंडकेही दोन माणसांना पेलण्याइतके लहान राहतात. लांब, सरळ झाडे जिथे मिळत नाहीत तिथे हाच मार्ग.

कारखान्यात रंधून, भट्टीत वाळवून, जीभ-खोबण पाडून आलेले ओंडके घेतले तर भिंतीचे काम काही आठवड्यांवर येते. हाताने घडवलेला सांगाडाही विकत मिळतो. कारागीर आपल्या आवारात तो पुरा रचतात, क्रमांक घालतात, उतरवून ट्रकने पाठवतात आणि क्रेन असेल तर आठवड्याच्या आत जागेवर उभा करतात. तिथेच लोकांची गफलत होते. भिंती आठवड्यात उभ्या राहिल्या म्हणून घर महिन्यात होईल असे वाटते. प्रत्यक्षात खरेदीदार ओंडक्यांचे 528 आणि सोलण्याचे 180 तास वाचवतो, बाकीचे सगळे तास जिथल्या तिथे असतात.

छपराला 300 तास धरावेत. आढे आणि तुळया पंधरा-वीस फूट उंच चढवणे हा या कामातला सर्वांत धोक्याचा भाग आहे, आणि इथे दोनच दिवसांसाठी का होईना क्रेन भाड्याने घेण्यात शहाणपण असते. त्यावर फळ्या, थंडी अडवणारे थर आणि पत्रा. वळचण दोन-तीन फूट पुढे काढली तर भिंती वर्षानुवर्षे कोरड्या राहतात. बर्फ पडायच्या आत छप्पर झाले पाहिजे, एवढे एकच वेळापत्रक स्वतः बांधणाऱ्याने कसोशीने पाळावे.

छप्पर झाले, खिडक्या-दारे लागली की घर झाल्यासारखे दिसते. खरे लांबण इथून पुढे असते. वीज, पाणी, जमीन, आतल्या विभाजक भिंती, जिना, कठडे, स्वयंपाकघर, न्हाणीघर, शेकोटी, सगळीकडून लाकूड घासणे आणि त्यावर रोगण चढवणे या सगळ्यांना 900 तास तरी लागतात. साध्या घरात विजेच्या तारा पोकळ भिंतीतून सहज जातात. इथे ओंडके भरीव, म्हणून भिंत रचतानाच प्रत्येक थरात भोके पाडून पुढचे बटण कुठे येणार हे ठरवावे लागते. विसरलेले एक भोक नंतर अख्खा दिवस घेते. कपाट भिंतीला टेकवायचे तर भिंत सरळ नसते, प्रत्येक फळी ओंडक्यांच्या वळणाप्रमाणे कापावी लागते. वर आतली विभाजक भिंत छताला थेट भिडवता येत नाही, कारण बाहेरच्या भिंती बसत जातील तसे छत खाली येणार असते.

जागा आणि पाया 250, सोलणे 180, भिंती 528, छप्पर 300, आतले काम 900. बेरीज 2158 तास, आणि त्यात झाडे तोडून आणण्याचे काम धरलेले नाही. आठवड्याला 48 तास देणाऱ्या एका माणसाला ही 45 आठवड्यांची मजुरी झाली. हिवाळ्यात बाहेरचे काम थांबते, सामान वेळेवर येत नाही, निरीक्षकाची तारीख मिळत नाही, हे सगळे धरले तर दीड वर्ष. फक्त शनिवार-रविवारी काम करणारा वर्षातून चाळीस आठवडे सोळा तासांप्रमाणे 640 तास देईल असे कागदावर दिसते आणि उत्तर साडेतीन वर्षांच्या आत येते. पण शनिवारी सकाळी ताडपत्री काढायची, पाती परजायची, मागच्या आठवड्यात कुठे थांबलो ते आठवायचे आणि रविवारी संध्याकाळी सगळे पुन्हा झाकायचे, यात सोळापैकी चार तास तरी जातात. उरलेल्या बारा तासांनी भागले की साडेचार वर्षे होतात. चार ते सहा वर्षे हे उत्तर ऐकताना निराशा वाटते, पण नोकरी सांभाळून ओंडके स्वतः घडवणाऱ्याने तेच धरून चालावे. सांगाडा विकत घेणाऱ्याला त्यातले दीड वर्ष कमी करता येते.

अमेरिकी जनगणना खात्याच्या बांधकाम पाहणीतही हाच कल दिसतो. विक्रीसाठी बांधलेली घरे सर्वांत लवकर पुरी होतात आणि मालकाने स्वतःच कंत्राटदार होऊन बांधलेल्या घरांना सर्वांत जास्त काळ, सरासरी वर्षाच्या आसपास किंवा त्याहून अधिक, लागतो. त्यात सगळ्या प्रकारची घरे येतात आणि बरीचशी कामे मजुरीने करून घेतलेली असतात. ओंडक्यांच्या घराला त्याहून कमी काळ लागण्याचे काही कारण नाही.

काळ खरोखर कमी करायचा तर घर लहान करणे हाच हमखास उपाय आहे. भिंतीची लांबी निम्मी केली की ओंडकेही आखूड आणि हलके होतात, दोन माणसांना क्रेनशिवाय पेलतात, आणि छप्पर पहिल्याच हंगामात होते. सोळा बाय वीस फुटांची एक खोली दोन माणसे एका उन्हाळ्यात छपरापर्यंत नेऊ शकतात. अनेक जाणते लोक आधी अशी खोली बांधतात, तिच्यावर हात बसवून घेतात, तिथेच मुक्काम करून मोठे घर उभारतात आणि पुढे तिचे कोठार करतात. एक-दोन आठवड्यांचा शिकवणीवर्गही वेळ वाचवतो. पहिल्या चार-पाच ओंडक्यांवर जो आठवडा वाया जातो तो तिथे दुसऱ्याच्या लाकडावर वाया जातो.

राहायला गेल्यानंतरही ओल्या लाकडाचे घर तीन ते पाच वर्षे खाली बसत राहते. त्यातली बरीचशी बैठक पहिल्या दोन वर्षांत, घरात सतत ऊब राहिल्यामुळे, होते. खिडक्या-दारांच्या वर ठेवलेली मोकळी फट हळूहळू मिटत जाते, म्हणून ती भरायची ती दाबल्या जाणाऱ्या लोकरीने, आणि वरून सरकती पट्टी लावायची. माळ्याखालच्या खांबांच्या तळाशी स्क्रू जॅक असतात, ते दर काही महिन्यांनी थोडे खाली उतरवावे लागतात. विसरले तर भिंती खाली जातात, खांब मात्र जागीच राहतात आणि माळ्याची जमीन मध्ये फुगते. जिना वरच्या टोकाला टांगलेला आणि खाली सरकता ठेवतात. पाचव्या वर्षाच्या सुमारास जॅक फिरवण्याची गरज संपते आणि फटींवरच्या पट्ट्या कायमच्या ठोकता येतात. बाहेरच्या भिंतींना मात्र दर तीन ते पाच वर्षांनी नवे रोगण लागते, दक्षिणेच्या उन्हाकडच्या भिंतीला त्याहूनही लवकर.